१५ ऑगस्टला रात्रीची कळसूबाई नको!

टिटवाळा, मांडा, आंबिवली, कल्याण, डोंबिवलीच्या डोंगरवेड्यांना, आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या घरच्यांना कळकळीची विनंती: १५ ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांत रात्रीच्या अंधारात कळसूबाई चढायला जाऊ नका. रात्री उशिराची शेवटची कसारा लोकल पकडायची, कसाऱ्याहून जीपने घाट चढून इगतपुरी-घोटीमार्गे बारी गाठायची आणि पहाटेपर्यंत माथा गाठायचा, हा बेत ज्यांचा ठरला आहे त्यांनी तो आजच मोडावा.

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. तिथे एकदा तरी जावं असं वाटणारच, आणि आपल्या कसारा लाइनवरच्या माणसाला तर ते उंबऱ्याबाहेर असल्यासारखं आहे. आमचं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यात, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री, हे तीन एकत्र करू नका.

आधी सूर्योदयाचं बघू, कारण सगळं त्याच्यासाठी चाललंय. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘सनराइज ट्रेक’च्या जाहिरातीत ढगांच्या समुद्रावर तांबडं फुटलेलं असतं. अहो, पण ऑगस्टात कळसूबाईचा माथा बहुतेक वेळ ढगाच्या आत असतो, ढगाच्या वर नाही! समोरचा माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो. भंडारदऱ्याचं पाणी आणि अलंग-मदन-कुलंग तर लांबच. रात्रभर जागून, भिजून वर पोचायचं आणि पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून रील काढायची, यासाठी पैसे घेणाऱ्यांना निदान एवढं तरी विचारा की ऑगस्टात सूर्य कुठून आणणार आहात.

आता खरी भीती. बारीहून वर जाणारी मुख्य वाट एकच आणि खाली येणारीही तीच. मध्ये कड्यांना लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत. शिडीवरून माणसं एकामागून एकच जाऊ शकतात. सुट्टीच्या सकाळी रात्री चढलेले उतरायला लागतात, पहाटे निघालेले चढत असतात आणि दोघांची गाठ नेमकी शिडीवर पडते. कोंडी झाली की माणसं जागच्या जागी भर पावसात उभी राहतात. चढताना अंगात ऊब असते, थांबलं की भिजलेले कपडे आणि बोचरा वारा ती काढून घेतात. वरची हवा आपल्या टिटवाळ्यापेक्षा आठ-दहा अंशांनी थंड. हुडहुडी भरते, बोटं आखडतात, आणि याच बोटांनी ओलं लोखंड धरायचं असतं. त्यात रात्रभराचं जागरण. घाई झालेला एखादा मग शिडी सोडून बाजूच्या शेवाळलेल्या कातळावरून वाट काढायला जातो. तिथे पाय सुटला तर झोळी करून खाली आणणार कोण? बारीचीच पोरं. आणि पुढे राजूर किंवा घोटीपर्यंतचा रस्ता आहेच.

हे नुसतं घाबरवणं नाही. १५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. कळसूबाईच्या शिड्या कमकुवत आहेत असा दावा आम्ही करत नाही. पण लोखंडावर किती माणसं चढली हे मोजायला कुंडमळ्याला कोणी नव्हतं, आणि रात्री दोन वाजता शिडीपाशीही कोणी नसतं. आपल्याकडे अंगारकीला महागणपतीची रांग बघा: बॅरिकेड, पोलीस, स्वयंसेवक, तरीही रेटारेटी होते. तीच गर्दी अंधारात, कड्यावर, कोणाच्याही देखरेखीशिवाय उभी केली तर काय होईल, हे टिटवाळकरांना वेगळं सांगायला नको.

जपानमध्ये फुजी पर्वतावर हाच प्रकार व्हायचा. सूर्योदयासाठी रात्रभर न झोपता चढणारे वाटेत गारठायचे, कोसळायचे. २०२४च्या हंगामात यामानाशी प्रांताने तिथल्या योशिदा वाटेवर फाटक बसवलं. दिवसाला चार हजार माणसांची मर्यादा घातली आणि ज्यांनी वरच्या निवाऱ्यात जागा राखलेली नाही, त्यांना दुपारी चार ते पहाटे तीन फाटक बंद केलं. लांब कशाला, आपली माथेरानची झुकझुक गाडीसुद्धा पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद ठेवतात. पावसात घाटाचा भरवसा नाही, हे रेल्वेला कळतं.

मग जायचं कधी? दिवाळीनंतर. तेव्हा आकाश धुतलेलं असतं, वाट कोरडी असते आणि जाहिरातीतला सूर्योदय खरोखर दिसतो. पावसातच जायचा हट्ट असेल तर सुट्टीचे दिवस टाळा, आदल्या दिवशी बारीत मुक्काम करा, उजाडल्यावर गावातला वाटाड्या घेऊन निघा आणि दुपारी बाराला जिथे असाल तिथून मागे फिरा. गावकऱ्यांची कमाई बुडेल अशी काळजी वाटत असेल, तर ती मुक्कामाने आणि पिठलं-भाकरीने जास्त होते; शेवटच्या लोकलने येऊन सकाळच्या जीपने परतणाऱ्यांकडून गावाला प्लास्टिकच्या बाटल्याच उरतात. हवामान बघताना ठाण्याचा अंदाज बघून निघू नका, हवामान खात्याचा नाशिक घाटमाथ्याचा आणि अहिल्यानगरचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर विषय संपला. वन विभागाने वाट बंद केली असेल तर आडवाटेने घुसू नका, तो अभयारण्याचा भाग आहे. वर असताना काही झालंच तर ११२ लावा, पण रेंज कुठे मिळेल याची खात्री धरू नका.

आई-वडिलांनो, ‘ग्रुपबरोबर जातोय’ एवढ्यावर समाधान मानू नका. ग्रुपमध्ये किती जण, म्होरक्या कोण, तो प्रथमोपचार शिकलाय का, पाऊस वाढला तर परत फिरणार का, हे चार प्रश्न त्या म्होरक्यालाच फोनवर विचारा. उत्तर टाळलं तर समजा.

ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी आज संध्याकाळपर्यंत आयोजकाला कळवून तारीख नोव्हेंबरात ढकलायला सांगावं. पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला, तर ते सोडून द्या. आणि आयोजकांनो, ज्या ग्रुपवर जाहिरात टाकलीत त्याच ग्रुपवर रद्द झाल्याचा निरोपही टाका, आजच, म्हणजे रात्री टिटवाळा स्टेशनावर कोणी पाठपिशवी घेऊन उभं राहणार नाही.