मामाची एमजी आणि पितळेचे दोन बुश

परवा बर्मिंगहॅमहून मामेभावाचा मेल आला. मामा जाऊन दीड वर्ष झालं, आता गाडी विकायची ठरवलीय. सोबत जाहिरातीचा मजकूर आणि प्रश्न, "दादा, जरा बघ ना, काय राहिलंय का?" म्हटलं, मला इंग्लंडातल्या गाड्यांच्या बाजारातलं काय कळतंय! पण वाचलं, आणि एका गोष्टीवरून आठवडाभर आमचं वाजलं. म्हणून हे पोस्ट.

आधी गाडीबद्दल. एमजीबी जीटी, 1972 चं मॉडेल, क्रोमचे बंपर. (1974 च्या शेवटी काळे रबरी बंपर आले. शौकीन लोक त्यांना नाकं मुरडतात, मामाही मुरडायचा.) जीटी म्हणजे ग्रँड टूरिंग, सामान टाकून लांबचा पल्ला आरामात मारायची गाडी. एमजीबी 1962 ची, उघड्या टपाची. 1965 मध्ये तिला छप्पर आणि मागचं दार मिळालं. त्या छपराच्या आकारात इटलीच्या पिनिनफरीनाचा हात आहे. ॲस्टन मार्टिनवाले हिला ग्रँड टूरर म्हणणार नाहीत. न म्हणोत. मामा हिच्यातून दोन पोरं मागच्या चिंचोळ्या बाकावर कोंबून स्कॉटलंडपर्यंत जाऊन यायचा, आणि मागे मामीच्या चकल्यांचा डबा. यापेक्षा ग्रँड टूरिंग काय असतं?

जाहिरातीत पहिलंच वाक्य होतं, "उत्तम निगा राखलेली, संपूर्णपणे मूळ स्थितीत." इथेच माशी शिंकली. कारण ती पूर्ण मूळ स्थितीत नाही. तिच्या कार्ब्युरेटरमध्ये कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनलेले पितळेचे बुश आहेत!

1991 ची दिवाळी. मामा सुट्टीवर आला तेव्हा बॅगेतून चॉकलेटांबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन एसयू कार्ब्युरेटर निघाले. आईने कपाळावर हात मारून घेतला. गाडी स्लोवर थांबत नव्हती. थ्रॉटलचा स्पिंडल ज्या भोकात फिरतो ते झिजलं, की तिथून जास्तीची हवा ओढली जाते आणि इंजिन कधी चढतं, कधी गुदमरतं. तिकडे सरळ नवे मिळत होते. मामा म्हणाला, "नवे घ्यायला पैसे लागतात, हे दुरुस्त करायला माणूस लागतो."

माणूस उद्यमनगरात होता. आम्ही स्कूटरवरून गेलो. मिस्त्रींनी फडक्याने हात पुसले, दोन्ही कार्ब्युरेटर उलटेपालटे केले आणि म्हणाले, "सायेब, ही आमच्या अँबॅसिडरचीच भैन की! फकस्त दोन हायत." आणि ते खरंच होतं. अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या पोटात कित्येक वर्षं जे 1489 सीसीचं इंजिन होतं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीजचं. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, थोरलं. एक टॅक्सी ओढतं, एक ऐट मिरवतं, एवढाच फरक. मिस्त्रींनी भोकं मोठी केली, लेथवर पितळेचे बुश काढले, दाबून बसवले आणि वर रीमर मारला. दोन दिवस लागले. पैसे घेताना त्यांना उगाच संकोच वाटत होता, हे मला आजही आठवतं.

ती गाडी त्याच बुशांवर पुढे तीस वर्षं चालली.

भावाचं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाईक 'मूळ' या शब्दाला पैसे देतं. भारतातल्या कुठल्याशा वर्कशॉपात केलेलं काम लिहिलं तर किंमत पडेल. तो खोटं बोलत नव्हता, फक्त गप्प बसणार होता. दोन मुलांची फी भरणाऱ्या माणसाला मी इथून उपदेश करणं सोपं आहे, हेही मला कळतं. तरीही मी अडून बसलो.

मला विचाराल तर 'मूळ' या शब्दाचं आपण फार कौतुक करतो. कव्हरखाली झाकून ठेवलेली गाडी मूळ स्थितीत राहते आणि आतून मरते. रबर वाळतं, ब्रेकचे सिलिंडर गंजून धरतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा होतो. आपल्याकडे छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला चौकात येते, तेव्हा लहान पोरं बापाच्या खांद्यावरून बघतात. ती म्युझियममध्ये दोरीमागे उभी असती तर एवढी माणसं जमली असती का? निगा राखणं म्हणजे वापरणं, झिजलेलं वेळेवर दुरुस्त करणं आणि कोणी काय केलं ते लक्षात ठेवणं. यातलं तिसरं जाहिरातीत गाळलं तर 'उत्तम निगा' हे दोन शब्द पोकळ होतात.

शिवाय मूळ तरी काय उरलंय? एबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद झाला. एमजी हे नाव चिन्यांकडे गेलं, 2019 पासून त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात, आता त्यात जिंदालांची भागीदारी आहे. जॅग्वार तर 2008 पासून टाटांची. हे सगळं चालतं, आणि उद्यमनगरचे दोन बुश तेवढे खटकतात? असो.

काल रात्री फोनवर तो नरमला. म्हणाला, "लिहितो दादा. पण लोक पुरावा मागतात. बिल आहे का?" चाळीस वर्षं झालेल्या गाडीला तिकडे रोड टॅक्स नाही, 2018 पासून एमओटीची सक्ती नाही, पण कागदांची फाइल मात्र जाडजूड लागते! आज सकाळी उद्यमनगरात जाऊन आलो. मिस्त्री नाहीत आता. त्यांचा मुलगा तिथेच सीएनसीवर काम करतो. बिलाचं विचारल्यावर तो हसायलाच लागला. "आबांनी बिल कधी केलं वो?" पण चहा पाजला, आणि आबांचा जुना रीमर कपाटातून काढून दाखवला.

तर घरच्या मंडळींना विनंती. त्या दिवाळीत आपल्या कट्ट्यावर, किल्ल्याशेजारी, वर्तमानपत्रावर मांडलेल्या त्या कार्ब्युरेटरचा फोटो कोणीतरी काढला होता. मिस्त्री शेजारी उकिडवे बसलेले, मागे आई रागावलेली. बहुधा पुण्याच्या मावशीच्या अल्बममध्ये असेल. सापडला तर स्कॅन करून लगेच पाठवा. जाहिरात रविवारी जातेय.