दहाव्या बळीची वाट कशाला?

२ जानेवारी २०१४ रोजी ठाण्याहून अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, निघालेली एस.टी. बस माळशेज घाटात दरीत कोसळली आणि २७ जणांना प्राण गमवावे लागले. असे काही घडले की हळहळ व्यक्त होते, कठड्यांची चर्चा रंगते आणि चार दिवसांनी सारे पूर्ववत सुरू होते. प्रश्न मात्र तेथेच उभा राहतो. रस्त्याच्या सुरक्षेचा विचार आपण अपघातापूर्वी करणार, की प्रत्येक वेळी अंत्यसंस्कार आटोपल्यावर?

शहाड, म्हारळ, वरप, कांबा, रायते, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशी गावे मागे टाकीत हा मार्ग माळशेज चढतो. पूर्वीचा २२२ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग आज ६१ क्रमांकाने ओळखला जातो आणि तो थेट तेलंगणात जातो. जुन्नरचा भाजीपाला याच वाटेने कल्याणच्या बाजारात येतो. मुरबाड तालुक्यात अद्याप रेल्वे धावत नाही. त्यामुळे विद्यार्थी, चाकरमानी आणि रुग्ण या सर्वांची भिस्त याच रस्त्यावर आहे. नकाशावर तो महामार्ग असला, तरी वाटेतल्या गावांच्या दृष्टीने तो गावातला मुख्य रस्ता आहे. शाळा एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला, आणि मधून मालमोटारींची अखंड रांग!

रस्ता रुंद व्हावा, ही मागणी रास्तच आहे. परंतु केवळ रुंदीकरण म्हणजे सुरक्षा नव्हे. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. पायी रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धेला मात्र तेवढेच अधिक अंतर चालावे लागते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण मृत्यूंमध्ये तो एक तृतीयांशाहून अधिक होता. हे आकडे नियोजनकर्त्यांना अंतर्मुख करणारे आहेत.

महामार्गावरील 'अपघातप्रवण स्थळ' ठरवण्याचा निकषही विचार करायला लावणारा आहे. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा जण मरण पावले, की त्या जागेची नोंद होते. याचा अर्थ नववा बळी गेला तरी ती जागा कागदोपत्री निर्धोक राहू शकते! उपाययोजनेसाठी हा निकष उपयोगी असेल. नियोजनासाठी तो पुरेसा नाही.

म्हणून या मार्गाचे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी अभियंते, पोलीस आणि ग्रामस्थ यांनी शहाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतची गावे पायी पाहावीत. शाळा कोठे सुटते, एस.टी. कोठे थांबते, आठवडा बाजार कोठे भरतो, याची नोंद व्हावी. गावांच्या हद्दीत वेग कमी करणारी रचना, पदपथ, दिवे, ओलांडण्याच्या ठळक जागा, बससाठी रस्त्याबाहेर थांबे, स्थानिक वाहनांसाठी सेवारस्ता आणि घाटात भक्कम कठडे, ही कामे मूळ आराखड्यातच हवीत. मागाहून जोडलेली ठिगळे नकोत.

कायदा याला अनुकूल आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेने सदोष रचना वा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणा, कंत्राटदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. त्याच सुधारणेने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षणही दिले आहे.

परंतु केवळ शासनाकडे बोट दाखवून समाजाची जबाबदारी संपत नाही. उलट्या दिशेने दुचाकी दामटणारा, शिरस्त्राण हँडलला अडकवणारा आणि पदपथावर दुकान मांडणारा आपल्यातलाच असतो. ग्रामसभांनी आपल्या हद्दीतील धोक्याच्या जागांचे ठराव करावेत, त्यांचा पाठपुरावा करावा आणि स्वतःही शिस्त पाळावी. गावची मुले सायंकाळी सुखरूप घरी परतली, तरच त्या रस्त्याने विकास आणला असे म्हणता येईल.