भूगोलाचे अधिवेशन उमापुरात भरावे

महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत विद्यार्थ्यांची अधिवेशने भरतात, निबंध वाचले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी सर्वजण आपापल्या गावी परततात. भूगोलाच्या विद्यार्थ्यांची अधिवेशनेही याला अपवाद नाहीत. अशा अधिवेशनांत 'भूमिउपयोजन' आणि 'अवकाशीय नियोजन' हे विषय चर्चेला येतात, ही स्वागतार्ह गोष्ट होय. जमीन कशासाठी वापरावी आणि ते कोणी ठरवावे, या प्रश्नाइतका तातडीचा प्रश्न आज ग्रामीण महाराष्ट्रापुढे क्वचितच दुसरा असेल. परंतु हा प्रश्न सभागृहात बसून समजण्यासारखा नाही. युरोपातील भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपली संघटना उभारली, तेव्हापासून त्यांच्या मेळाव्यांत व्याख्यानांच्या जोडीला क्षेत्रभेटींनाही स्थान राहिले आहे. आपल्याकडे याच्याही एक पाऊल पुढे जाता येईल. भूमिउपयोजनावरचे अधिवेशन बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावीच भरवता येईल, आणि तसे ते भरवावे.

उमापूर हे गेवराई तालुक्यातील महसुली मंडळाचे गाव. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी, पश्चिमेस अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द. १९६५ साली पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली उद्‌घाटन झालेल्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा पैठणहून निघून याच तालुक्यातून माजलगावच्या जलाशयाकडे जातो. त्यामुळे कालव्यावरचा ऊस, विहिरीवरच्या फळबागा आणि निव्वळ पावसाच्या भरवशावरचा कापूस व बाजरी या तिन्ही अर्थव्यवस्था येथे एकमेकींच्या बांधाला बांध लावून उभ्या आहेत. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घराबाहेर पडतात, त्याच जिल्ह्यात ऊसही पिकतो. जमिनीच्या उपयोगाचा प्रश्न शिकायचा असेल तर याहून चांगली शाळा शोधूनही सापडणार नाही.

भाव बाहेर, परिणाम गावात

जमिनीच्या उपयोगाचे पहिले शास्त्रशुद्ध विवेचन योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली केले. मेक्लेनबुर्गमधील आपल्या शेतीचे हिशेब वर्षानुवर्षे ठेवून त्याने असे दाखवले की, बाजारपेठेपासून जसजसे दूर जावे तसतसा वाहतुकीचा खर्च वाढतो, जमिनीचा खंड घटतो आणि पीक बदलते. शहराभोवती पिकांची वर्तुळे तयार होतात ती यामुळे. गेवराईसारख्या तालुक्यात हा सिद्धान्त वेगळ्या रूपाने दिसतो. येथे वर्तुळे बाजारपेठेभोवती नसून कालव्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्यांच्या रूपाने पसरलेली आहेत. कालव्याच्या पाण्यात येणारी जमीन आणि त्याच्या वरच्या अंगाची जमीन मातीने एकसारखी असली, तरी त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. ही वाढलेली किंमत कोणा शेतकऱ्याच्या कष्टातून आलेली नसते. ती सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धरणाने निर्माण केलेली असते.

उसाला कारखान्याचे हमखास गिऱ्हाईक आणि कायद्याने ठरलेला रास्त व किफायतशीर दर आहे. ज्वारी-बाजरीला असे संरक्षण प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून पाणी हाती आले की शेतकरी उसाकडे वळतो, यात त्याची चूक नाही. तथापि उसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते आणि बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. हा फरक कालव्यातून किंवा भूगर्भातून भरून काढावा लागतो. कालव्यांचे पाणी आठ महिनेच देऊन अधिक क्षेत्राला पोहोचवावे, असा विचार वि. म. दांडेकर आणि दत्ता देशमुख यांचा समावेश असलेल्या समितीने १९७९ सालीच मांडला होता. तो कितपत अंमलात आला, याची साक्ष कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी देऊ शकतील.

उसापाठोपाठ जमिनीला आता नवी गिऱ्हाइके लाभली आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरवण्यात आले. कोरडवाहू जमिनीतून खर्च वजा जाता एवढे निव्वळ उत्पन्न दरसाल काढणारा शेतकरी विरळाच. महामार्गालगतच्या जमिनींवर हॉटेले, गोदामे आणि भूखंडांचे फलक उभे राहतात, त्यामागचे गणितही हेच. या प्रत्येक व्यवहारात मालकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. परंतु एकाने विंधनविहीर खोल नेली की शेजाऱ्याची विहीर आटते, आणि ओढ्यात भर घालून भूखंड पाडले की पावसाचे पाणी खालच्या वस्तीत शिरते. भाव दिल्लीत किंवा मुंबईत ठरतो आणि त्याचा परिणाम गावाला भोगावा लागतो. अनेकांच्या स्वतंत्र निर्णयांतून सर्वांचे जे नुकसान होते, ते टाळण्यासाठीच नियोजनाची गरज असते.

नकाशाविना नियोजन

नियोजनाचे कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यात प्रादेशिक योजनेपासून नगररचना योजनेपर्यंतच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. परंतु त्याचे बळ मुख्यतः शहरांना आणि शहरांच्या छायेतील पट्ट्यांना लाभले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली आणि तिच्या आराखड्यात पंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताच्या गोष्टींचा विचार व्हावा असे म्हटले. त्या गोष्टींत अवकाशीय नियोजनाचा आणि पाण्याच्या वाटपाचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली कायदाही केला. प्रत्यक्षात या समित्यांच्या बैठका वार्षिक निधीच्या वाटपाभोवती फिरतात. कोणते काम कोणत्या गावाला मिळाले, याची चर्चा होते. कोणती जमीन कशासाठी राखावी, हा प्रश्न बहुधा पटलावर येत नाही.

गावपातळीवरही तीच स्थिती आहे. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, ग्रामपंचायतींना विकास आराखडा तयार करावा लागतो. हा आराखडा म्हणजे कामांची यादी असते. सभामंडप, सिमेंटचा रस्ता, पाण्याची टाकी आणि त्यांपुढे रकमा. त्यात नकाशा अभावानेच आढळतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे नकाशे तयार होऊ लागले, ही चांगलीच गोष्ट झाली; पण गावठाण म्हणजे गावाच्या शिवारातील एक लहानसा तुकडा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाईलवर पिकाची नोंद करतो. परंतु त्या नोंदी सातबाऱ्याच्या एकेका उताऱ्यात विखुरलेल्या राहतात. सरकारी आकडेवारीत जमिनीचे नऊ वर्ग पाडण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतर लगेचच आली. त्यावरून तालुक्यात पडीक किती आणि कुरण किती हे समजते. ते कोठे आहे, ओढ्याच्या वर की खाली, वस्तीला लागून की डोंगरउतारावर, हे त्यातून समजत नाही.

याची किंमत संकटकाळी कळते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून मोठा विसर्ग करावा लागला आणि गोदाकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत जलसंपदा विभागाकडे आहे. शहरात बांधकामाच्या परवान्यासाठी या रेषांना महत्त्व असते. नदीकाठच्या किती गावांत ही रेषा शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आहे?

गायरान कोणाचे?

नकाशा नसल्याचा सर्वांत मोठा फटका ज्यांच्याजवळ सातबाराच नाही त्यांना बसतो. मराठवाड्यात अनेक गायरानांवर दलित व अन्य भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये शासनाने ठरावीक तारखेपूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. १९९१ च्या निर्णयात ती तारीख १४ एप्रिल १९९० होती. परंतु त्या तारखेला आपण जमीन कसत होतो, हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्याच माथी राहिले. दुसरीकडे, गावाची सामाईक जमीन राखलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानांवरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यात निघाल्या, तेव्हा त्यांत धनदांडग्याचे गोदाम कोणते आणि भूमिहीनाचे ज्वारीचे शेत कोणते, हा भेद कागदावर सहज दिसत नव्हता. आता सौर प्रकल्पांसाठीही शासकीय जमिनी, त्यांत गायराने, दिली जात आहेत. सौरऊर्जा हवीच, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनीच आहे. पण त्या जमिनीवर आज कोण चारतो, कोण कसतो, कोणत्या वाटेने गुरे पाण्यावर जातात, हे न पाहता ती 'रिकामी' म्हणून मांडली गेली, तर एका न्याय्य मागणीच्या पूर्तीसाठी दुसरा अन्याय घडेल.

मुलांनी मोजलेला देश

येथे विद्यार्थी काय करू शकतील, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. काही काळ रंगून विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले भूगोलज्ञ डडली स्टॅम्प यांनी १९३० साली ब्रिटनच्या भूमिउपयोजनाची पाहणी हाती घेतली. त्यांच्याजवळ मोठा निधी नव्हता. त्यांनी देशभरच्या शाळांतील मुलांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हाक दिली. मुले मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे घेऊन आपापल्या परिसरातील शेतांत गेली आणि नांगरट, कुरण, जंगल, बाग, माळ अशा मोजक्या वर्गांत प्रत्येक तुकड्याची नोंद करून आली. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि अन्नोत्पादन वाढवण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा हेच नकाशे उपयोगी पडले. ग्रामीण जमिनीच्या वापराविषयी नेमलेल्या समितीत स्टॅम्प यांना उपाध्यक्षपद मिळाले, आणि १९४७ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यामागच्या विचाराला या कामाचा आधार होता.

जे ब्रिटनमधील शाळकरी मुलांना पेन्सिलीने साधले, ते खिशात उपग्रहाशी जोडलेला फोन बाळगणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय कामाला स्थान मिळाले आहे. हे गुण मिळवण्यासाठी विद्यार्थी आज एखाद्या कारखान्याला भेट देऊन चार पानांचा अहवाल लिहितात. त्याऐवजी तीन दिवसांच्या अधिवेशनात शंभर विद्यार्थी एका महसुली मंडळातील गावे वाटून घेऊ शकतील. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला जुना तलाठी, याच्याकडील गावनकाशा हाताशी घेऊन पिके, विहिरी, ओढे, पाणंद रस्ते, पुराच्या खुणा आणि सामाईक जमिनींचा प्रत्यक्ष वापर नोंदवता येईल. शेवटच्या दिवशी निबंधवाचन न करता तो नकाशा ग्रामसभेपुढे मांडावा आणि गावकऱ्यांच्या दुरुस्त्या त्यावर टिपून घ्याव्यात.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, शेतकऱ्यावर आधीच पुष्कळ निर्बंध आहेत. त्यात नियोजनाची भर नको. हा आक्षेप गंभीर आहे. म्हणून कोणी कोणते पीक घ्यावे हे या नकाशाने सांगू नये. पूररेषा, ओढ्यांचे मार्ग, पाणी मुरण्याच्या जागा आणि सामाईक जमीन एवढ्यांपुरतीच त्याने शिफारस करावी. कारण तेथे एकाच्या निर्णयाची झळ दुसऱ्याला लागते. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. गायरान कसणाऱ्या गरिबाची नोंद नकाशावर आली, तर तीच उद्या त्याच्याविरुद्ध पुरावा ठरेल. यावर उपाय असा की, नोंद वापराची व्हावी, व्यक्तींच्या नावांची होऊ नये. आणि गायरानाबाबत काय टिपायचे हे ती जमीन कसणाऱ्या कुटुंबांशी बोलल्यावरच ठरावे. या तत्त्वाची तडजोड करावी लागणार असेल, तर गायरानाचा भाग नकाशावर कोरा ठेवलेला बरा.

अशा नकाशाला कायद्याचे बळ नसेल. परंतु जिल्हा नियोजन समितीपुढे एखाद्या मंडळाचा तारीखवार, ग्रामसभेने तपासलेला नकाशा आला, तर त्याकडे डोळेझाक करणे सोपे जाणार नाही. विद्यापीठाने या कामाला गुण द्यावेत, जिल्हा प्रशासनाने गावनकाशांच्या प्रती विनामूल्य पुरवाव्यात आणि नियोजन समितीने वर्षातील एक बैठक केवळ जमीन व पाणी यांच्या नकाशांसाठी राखून ठेवावी. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. सुरुवात उमापूर मंडळापासून व्हावी. येत्या हिवाळ्यात, शिवारात खरीप निघून रब्बी उभी असताना, हे काम करणे सोयीचे ठरेल. मात्र ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे म्हणणे ऐकण्यासाठी ती परतल्यावर आणखी एक ग्रामसभा घ्यावी लागेल, हे आयोजकांनी आधीच ध्यानात ठेवावे.