आडनाव आपलं, गोष्ट कोणाची?



मुंबईच्या गुन्हेगारीवरचे हिंदी सिनेमे आणि मराठी आडनावं यांचं नातं जुनंच आहे. हवालदार मराठी, गल्लीतला गुंड मराठी, भांडी घासणारी बाईही मराठी! यावर आपल्या गप्पांत दोन मतं ठरलेली. एक, "ही आपली बदनामी आहे." दुसरं, "सिनेमाच तो, सोडून द्या." आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

जरा लांबून बघू या. इथे रेडमंडला ऑफिसात हाँगकाँगची मंडळी भेटतात. त्यांच्यामुळे आम्हाला कॅन्टोनीज गुन्हेगारीपट बघायची गोडी लागली. त्या पडद्यावर हवालदाराच्या जागी कोण, तर आपण भारतीय! वाँग कार-वाईच्या 'चुंगकिंग एक्सप्रेस'मध्ये (१९९४) अमली पदार्थ नेण्यासाठी ठेवलेली भारतीय माणसं माल घेऊन पसार होतात. त्यांच्यातल्या एकाचीही गोष्ट सिनेमा सांगत नाही. पुढे २०२० साली 'हँड रोल्ड सिगरेट' आला. त्यातला दक्षिण आशियाई तरुण मणीसुद्धा अमली पदार्थांच्याच धंद्यात आहे. पण त्याला नाव आहे, धाकटा भाऊ आहे, भीती आहे. गुन्हा तोच, माणूस मात्र पूर्ण दिसतो.

हीच फूटपट्टी आपल्या सिनेमांना लावून बघा. 'सत्या'मधला (१९९८) भिकू म्हात्रे खुनी आहे. पण त्याला बायको आहे, भांडण आहे, जिवाला जीव देणारी मैत्री आहे. भूमिका बिहारच्या मनोज वाजपेयीची, लेखन अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांचं. म्हणजे मराठी माणूस रंगवायला मराठीच असावं लागतं असं नाही. 'सेक्रेड गेम्स'मध्ये (२०१८) जितेंद्र जोशीचा काटेकर हवालदारच आहे, पण कॅमेरा त्याच्या घरात जातो आणि तो लक्षात राहतो. महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' (२०१०) आणखी मागे जातो. १९८२च्या गिरणी संपानंतर चाळीतल्या घराची चूल विझली, मग पोरगा टोळीकडे का वळला, ते तो दाखवतो.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. आपला माणूस चांगला दाखवला की वाईट, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याला घर दिलं का, हा खरा प्रश्न.

आता तोच आरसा आपल्याकडे वळवू. 'अर्धसत्य' (१९८३) हा आपल्या अभिमानाचा सिनेमा. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. इन्स्पेक्टर अनंत वेलणकरला बाप आहे, प्रेम आहे, घुसमट आहे. आणि खलनायक? रामा शेट्टी! सदाशिव अमरापूरकरांनी तो अजरामर केला, पण त्या शेट्टीचं घर आपल्याला कितीसं कळतं? गोष्ट आपल्या हातात आली की आपणही दुसऱ्याचं आडनाव सहज वापरून टाकतो. मराठी सिनेमातले 'भैया' आणि 'अण्णा' आठवून बघा.

हे सगळं इथे बसून का लिहायचं? आमच्या पिढीने पोलीस लाइन पाहिली, गिरणगावातले नातेवाईक पाहिले. पडद्यावरचा हवालदार खोटा वाटला तर ते आम्हाला लगेच कळतं. इथे वाढलेल्या मुलांकडे ताडून बघायला दुसरं काही नाही. इंग्रजी सबटायटल वाचून जे समजेल, तोच त्यांचा मराठी माणूस.

म्हणून मुलं कॉलेजच्या वयाची झाली की हे सिनेमे त्यांच्याबरोबर बसून बघावेत. हवालदाराची बदली, पोलीस लाइनीतली खोली, गिरणी बंद पडणं म्हणजे काय, ते मधेच थांबवून सांगावं. आणि शेट्टी, भैया, अण्णा आले की त्यांनाच विचारावं, "याचं घर कुठे दाखवलंय?" दुसऱ्याच्या घराची चौकशी करायची सवय त्यांना लागली, तर उद्या कॅमेरा त्यांच्या हातात आल्यावर ती उपयोगी पडेल.