वळण लावायचा मक्ता एकट्या आईचाच का?

पोरानं नाव काढलं की तो बापाचा मुलगा. त्यानं कुणाचं डोकं फोडलं, शाळेतून पळ काढला, भर बाजारात जमिनीवर लोळण घेतली, की तो आईचा! ‘आईनंच लाडावून ठेवलंय.’ हा निकाल सासू देते, गुरुजी देतात, शेजारीण देते आणि पारावर बसलेला नवराही देतो.

कळंब, वाशी, भूम भागात बचत गटांच्या बैठकांना मी जाते. हप्ते गोळा होतात, वह्या मिटतात, तरी एखादी बाई मागं रेंगाळते. “ताई, पोरगं लई तापट झालंय, काय करू?” असं विचारता विचारता ती रडायला लागते. ते रडू पोरापेक्षा लोकांच्या बोलण्याचं असतं.

आईला दोष देण्यात शिकलेलेही मागं नाहीत. अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ एके काळी सांगत की आईची माया थंड असली की मूल स्वमग्न होतं. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली पुस्तक लिहून हेच मांडलं. स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी त्याआधीच, १९६४ साली, हे खोडून काढलं होतं. स्वमग्नता काय, अतिचंचलता काय, तिचं मूळ मेंदूच्या वाढीत असतं, आईच्या मायेत नाही, हे आज पक्कं ठाऊक आहे. तरी आरोपीच्या पिंजऱ्यात अजून आईच!

प्रत्येक दांडगं पोर आजारी असतं असंही नाही. आमच्याकडे दसरा-दिवाळीला टोळ्या उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोर कोपीवर धाकट्याला सांभाळतं. परत येतं तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. फळ्यावरचं कळेना झालं की ते खोड्या करणारच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. पण पथक येतं तेव्हा पोर फडात असेल, तर त्याला कोण तपासणार? हाही आईचाच दोष का?

म्हणून बायांनो, आधी मान वर करा. पोर कधी बिथरतं ते बघा. भुकेनं? झोप झाली नाही म्हणून? गोंगाटानं? की मनातलं सांगता येत नाही म्हणून? एका वेळी एकच गोष्ट सांगा, थोडक्यात सांगा. ते नीट वागलं की तेही बोलून दाखवा. मारानं पोर भ्यायला शिकतं, वागायला नाही. शाळेत मारायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. गुरुजींनी हात उचलला तर जाब विचारा. उतारे, अंगारे नकोत. भूत काढायच्या नावाखाली मारणं-बांधणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सरकारी दवाखान्यात दाखवा. १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं. स्वमग्नता, मतिमंदत्व, शिकण्यातली अडचण यांना २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्व मानलंय. तपासून दाखला मागा. ती भीक नाही, हक्क आहे.

आणि बाप? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढं आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. चांगलं झालं. पण तक्रारीत आईचं नाव पहिलं लागायला कुठल्या कायद्याची गरज कधीच पडली नव्हती! आता तिथं बापाचंही नाव लागू द्या. शाळेनं बोलावलं तर त्यानं जावं, दवाखान्याच्या रांगेत त्यानं उभं राहावं, रात्री पोर ओरडत उठलं तर त्यानं उठावं.

पुढच्या बैठकीत कर्जाआधी हा विषय घ्या. एखादीचं पोर बिथरलं तर तिला शहाणपण शिकवू नका. तासभर तिचं पोर सांभाळा आणि तिला झोपू द्या.