आजारांची बेरीज कोण करणार?

भिवंडीच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला आधी शुगर निघते, मागोमाग बीपी, आणि दोन्ही अंगावर काढता काढता एक दिवस किडनीचा रिपोर्ट हातात पडतो. दर महिन्याला आपल्याला किती पैसे लागणार, हे त्याला कुणी सांगितले आहे काय? मेडिकलच्या काउंटरवर तो तीस गोळ्यांची चिठ्ठी देतो आणि दहाच मागतो. ‘बीपीची राहू दे, शुगरची दे,’ म्हणतो. त्याचा अंदाजपत्रक-विभाग तो हाच!

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कवच २०२३ मध्ये पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. त्याचे श्रेय सरकारने जरूर घ्यावे. पण योजनेचा हिशेब चालतो पॅकेजवर. किडनी निकामी झाली की डायलिसिस योजनेत बसते. ती निकामी होऊ नये म्हणून रोज लागणारी गोळी बसत नाही. हा न्याय नव्हे, क्रूरपणा आहे!

शिवाय तीन आजारांचा खर्च म्हणजे तीन बिलांची साधी बेरीज नव्हे. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन कमी करावे लागते, कधी बंदच. मग इन्सुलिन येते. उभे राहून पाय भरून येतात म्हणून घेतलेली दुखण्याची गोळी त्याच किडनीवर उठते. त्यात कळव्याच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयात पाठवले, की खाडा पडतो. मजुरी कापडाच्या मीटरवर; खाडा म्हणजे त्या दिवशी शून्य. ही बुडालेली मजुरी कुठल्या पॅकेजमध्ये धरली आहे?

आजारपणात मजुरीला आधार देणारा राज्य कामगार विमा १९४८ च्या कायद्याने आला. दहा कामगार असले की तो लागू होतो. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदोपत्री वेगवेगळ्या नावांवर चढतात आणि कामगार विम्याबाहेर पडतो. अधिकाऱ्यांना हे दिसत नाही, यावर आमचा विश्वास नाही.

भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात अशा रुग्णांची सारी तपासणी एकाच दिवशी, एकाच खिडकीवर झाली पाहिजे. औषधे, तपासण्या, प्रवास, बुडालेली मजुरी यांचा वर्षभराचा लेखी अंदाज त्यांच्या हाती दिला पाहिजे. आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च योजनेत घेतलाच पाहिजे. भिवंडीच्या लोकप्रतिनिधींनो, येत्या अधिवेशनात ही मागणी मांडा. नाही मांडलीत, तर मते मागायला याल तेव्हा हा कामगार तुम्हाला जाब विचारल्याशिवाय राहणार नाही.