चौफुलीच्या आधी वेग उतरला पाहिजे



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी विभागात तोडीचा प्रोग्राम, टोळ्यांचे करार आणि वाहनांची नोंदणी यांची धांदल उडते. ऊस फडातून निघून गव्हाणीत वेळेवर कसा पडेल, याचा विचार सगळेच करतात. पण फड आणि गव्हाण यांच्यामध्ये रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर चौफुल्या आहेत. आपली भरलेली गाडी सर्वांत जास्त धोक्यात असते ती तिथेच. त्या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

प्रथम थोडा हिशेब करू. दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर चौफुलीवर थांबून पुन्हा हलतो, तेव्हा तो माणसाच्या चालीनेच सरकतो. ट्रॅक्टरच्या नाकापासून मागच्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंत सगळे धूड रस्त्यापार व्हायला वीस सेकंद सहज लागतात. बैलगाडीचेही तसेच. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे वीस सेकंदांत झाले ४४० मीटर! आपला माणूस दोन्हीकडे बघून निघाला, तेव्हा ती मोटार पाव मैलाहून लांब होती. रात्री तर तिचा नुसता उजेडच दिसणार. रस्तेबांधणीच्या भारतीय मानकात ताशी ८० च्या वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर अंतर धरले आहे, आणि ताशी ४० ला अवघे ४५ मीटर. वेग निम्मा झाला तर थांबण्याचे अंतर निम्म्याहूनही कमी होते. म्हणून चौफुलीवर कोण चुकले हे नंतर ठरवण्यापेक्षा, येणाऱ्याचा वेग चौफुलीच्या आधीच कसा उतरेल हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी चौकात वाहतूक बेट, म्हणजे आपण ज्याला सर्कल म्हणतो ते करतात. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गाचे चौपदरीकरण झाले, तेव्हा आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली येथे अशी सर्कले झाली. सर्कलचे काम शोभेचे नाही. सरळ येणाऱ्या गाडीला वळायला लावावे आणि वळण्यासाठी हळू व्हायला लावावे, हा त्याचा गुण. पण सर्कलकडे येणारा रस्ता रुंद आणि सुतासारखा सरळ असला, तर ड्रायव्हरला वेग कमी करण्याचे कारणच दिसत नाही. तो थेट तोंडाशी येतो आणि मग ब्रेकवर उभा राहतो. आधीच सर्कलमध्ये असलेल्या वाहनाला पहिला मान, बाहेरून येणाऱ्याने थांबायचे, असा नियम २०१७ च्या वाहन चालविण्याच्या विनियमांत स्पष्ट आहे. इंग्लंडात हाच नियम १९६६ साली लागू झाला. पण नियम पाळायलासुद्धा आधी वेग आवाक्यात असावा लागतो.

आता आपल्याकडचा नेहमीचा उपाय. अपघात झाला की गाव रस्त्यावर येते आणि मागणी एकच, “साहेब, इथं गतिरोधक टाका!” कुठे तर साहेबांची वाटही कोणी बघत नाही. रातोरात मुरूम-डांबराचा ढीग रस्त्यावर आडवा पडतो. गावकऱ्यांचा राग मला समजतो. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना मानके कोण सांगणार? तरीही मी स्पष्ट लिहितो, की असा ढीग म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, अंगाने गोलसर असावा लागतो, आणि तोही ताशी २५ च्या वेगासाठी. शाळेपुढे, गावातल्या रस्त्यावर तो योग्यच. महामार्गावर ताशी ८० ने येणाऱ्याला तो अचानक दिसला की तो करकचून ब्रेक दाबतो, आणि मागचा त्याच्यावर आदळतो. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढावेत, अशी सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ साली दिली ती यामुळेच.

शिवाय त्या ढिगाचा पहिला मार कोणाला बसतो? आपल्यालाच. भरलेली ट्रॉली उचलून आपटली की हुकाच्या पिनेवर ताण येतो, दोर सैल होतात, मोळ्या घसरतात. रस्त्यावर पडलेल्या उसावरून रात्री मोटारसायकल घसरते, आणि तिच्यावर आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा असतो.

मग करायचे काय? वेग एका जागी तोडायचा नाही, लांबून उतरवत आणायचा. १९७० च्या दशकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सर्कलच्या अलीकडे सुमारे चारशे मीटर अंतरात रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे मारून पाहिले. पट्ट्यांमधले अंतर सर्कल जवळ येईल तसे कमी कमी होत जाते. तासभर वेगात गाडी हाकणाऱ्याला वेगाचे भान राहत नाही, ८० वरून ५० वर आला तरी त्याला गाडी रांगतेय असे वाटते. पट्टे दाट होत गेले की त्याला आपला वेग वाढल्यासारखा भासतो आणि पाय आपोआप वर येतो. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेच्या १९८१ च्या अहवालात, अशा ठिकाणी वेगामुळे होणारे अपघात ५७ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. खर्च काय, तर रंगाचा. आपल्याकडेही असे पट्टे आणि चाकाखाली खडखडणाऱ्या कमी उंचीच्या पट्ट्या मानकांत आहेत. त्यांच्या जोडीला आगाऊ फलक, चौफुलीवर दिवा, आणि तोंडाशी रस्ता अरुंद करून डावीकडे वळवणारा दुभाजक असेल तर काम पक्के होते.

कोणी म्हणेल, रंगाच्या पट्ट्यांना आपल्याकडे कोण जुमानतो? शंका रास्त आहे. रोजच्या ड्रायव्हरला पट्ट्यांची सवय होते, रंग उडतो. म्हणूनच पट्टे एकटे पुरत नाहीत आणि दर हंगामाआधी ते नव्याने मारावे लागतात. सर्व अपघात त्यांनी टळतील असेही नाही. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. ज्याचे ब्रेकच गेले त्याला पट्टा काय थांबवणार? त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. चौफुलीच्या कडेला गर्दी नको. चहासाठी भरलेल्या ट्रॉल्या महामार्गाला लावून उभ्या करणे आणि त्यांच्या सावलीला टोळीतल्या बायाबापड्यांनी, पोरांनी बसणे बंद झाले पाहिजे.

आता आपल्या हातातले. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ धरली जाते. माझे म्हणणे असे, की दहा माणसे मरेपर्यंत थांबू नये. मुंबई-आग्रा असो, सुरत-नागपूर असो की आपला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता असो, ज्या चौफुलीवरून आपला ऊस जातो तिची माहिती गट कार्यालयात लेखी द्यावी. कोणत्या बाजूने वाहने जोरात येतात, दिवा आहे का, फलक झाडाआड गेला आहे का, एवढे लिहिले तरी पुरे. ती यादी कारखान्याने ठराव करून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे मोळी टाकण्यापूर्वी पाठवावी, अशी माझी संचालक मंडळाला विनंती आहे. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत, ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न ठेवल्यामुळे मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा आपला अर्ज मेहेरबानीसाठी नाही, हक्काचा आहे. राष्ट्रीय महामार्गावरील अडचणीसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असावेत.

हक्क मागताना आपलेही घर झाडून ठेवावे. मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा, बैलगाडीच्या मागेही चमकणारी पट्टी, आणि चौफुलीवर टेप बंद. पट्टे नवे मारले तरी आपल्या चाकांचा चिखल आणि पाचट त्यांच्यावर पडले तर ते दिसणार कोणाला? फडातून रस्त्यावर येताना चाके झटकून घेणे आणि सांडलेला ऊस लगेच उचलणे, हे टोळीला मुकादमाने आणि मुकादमाला आपण सांगायचे.

एका खेपेला दहा मिनिटे उशीर झाला तर काट्यावर फार तर दोन गाड्या पुढे जातील. ऊस उद्याही गाळता येतो. गाडीवान आणि ड्रायव्हर मात्र रात्री घरी पोहोचला पाहिजे.

आपला,
ऊस विकास अधिकारी